डांबरावर आधीच उठलेले ओरखडे

एका सरळ माणसाला मी चारचौघांत खोटारडं ठरवलं होतं, आणि तेही स्टीलच्या टेपने मोजून. मूर्खपणासुद्धा मी मापात करायचे! भुतंखेतं, करणी, संकेत... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. सिव्हिल इंजिनिअर बाई मी, डांबर आणि खडीपलीकडे देव मानला नाही. आता महादेवपुऱ्यात मुलाकडे राहते, नातवंडांच्या खोड्या काढते आणि तुम्ही इथे लिहिलेले भुताटकीचे अनुभव वाचून खुसूखुसू हसते. एका अनुभवावर मात्र हसता येत नाही, कारण तो माझाच आहे.

तेव्हा मी चाळिशीतली. देवनहळ्ळीच्या पुढे, द्राक्षमळ्यांना लागून, विमान चालवायला शिकवणारी एक छोटी खाजगी संस्था होती. धावपट्टी नव्याने करायला मी उकरून ठेवलेली, त्यामुळे विमानं बंद. फक्त हेलिकॉप्टरचं शिक्षण चालू. हे हेलिकॉप्टर चाकांचं नव्हतं, स्किडचं... म्हणजे खाली दोन आडव्या नळ्या असतात ना, तसलं. सरळ खाली टेकलं तर ठीक. पण पुढे घसरत उतरवलं की नळ्यांच्या तळाच्या लोखंडी पट्ट्या डांबर खरवडतात, खडी सुटते आणि पंख्याच्या वाऱ्याने उडते. म्हणून घसरत उतरायचा सराव गवतावरच, असा नियम. हँगरपासून धावपट्टीपर्यंतचा लांब टॅक्सीवे मी नुकताच पुरा केला होता. काय तो माझा तोरा! त्यावर कुणी चहा सांडला तरी अंगावर जायचे.

एका सोमवारी सकाळी पाहते तर त्याच टॅक्सीवेवर दोन समांतर ओरखडे. आधी पुसट, मग खोल, खडीची डोकी घासून पांढरी झालेली, आणि शेवटी दोन्ही डावीकडे वळलेले.

हेलिकॉप्टर एकच, शिकवणारे कॅप्टन जाधवही एकच. खानापूरचे, म्हणजे माझ्याच बेळगाव भागातले. मी त्यांना तिथेच बोलावलं.

"अक्का, काल रविवार. मशीन हँगरमधून बाहेरच काढलं नाही की हो."

"मग काय डांबराला खाज सुटली?"

"ते मला काय माहीत? वॉचमनला विचारा."

वॉचमनही म्हणाला, काही उतरलं नाही. "तू झोपला असशील," म्हणून मी त्याला गप्प केलं. टेप काढला. ओरखड्यांमधलं अंतर मोजलं, हेलिकॉप्टरच्या नळ्यांमधलं मोजलं. तंतोतंत! झालं, बाईंना पुरावा मिळाला. मी थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये. त्यांनी निकाल दिला: कॅप्टननी विद्यार्थ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर नोकरी सोडायची. कॅप्टनांची मुलगी कॉलेजात, घर भाड्याचं. ते पोरांसमोर उभे राहिले.

"मी केलेलं नाही. पण नुकसान झालंय, तर माफ करा."

आणि मी... हे लिहिताना अजून कान गरम होतात... मी म्हटलं, "असं अर्धवट नको, कॅप्टन. नीट मागा."

त्यांनी नीट मागितली. पोरं खाली बघत होती. रम्या नावाची विद्यार्थिनी त्या दिवसापासून त्यांनी काही सांगितलं की मेकॅनिकला जाऊन पुन्हा विचारायला लागली. ते कॅप्टनना दिसत होतं. मलाही दिसत होतं, आणि गुदगुल्या होत होत्या.

मी पराक्रम पुढे चालू ठेवला. ओरखड्यांभोवती पिवळ्या ऑइलपेंटने रेघ आखून घेतली, पुरावा म्हणून! आणि पुन्हा कुणी उतरू नये म्हणून टॅक्सीवेवर वाळूने भरलेले ड्रम ओळीने उभे केले.

पुढच्याच आठवड्यात, भर सकाळी, वायरलेसवर कॅप्टनांचा आवाज आला. सोबत रम्या. शेपटाच्या पंख्याचं पेडल अडकलं होतं. अशा वेळी हवेत थांबून खाली टेकता येत नाही, मशीन स्वतःभोवती गरगरतं. वेगात येऊन कडक, सपाट जागेवर घसरत थांबायचं, एवढाच मार्ग. गवत पावसाने भिजलेलं, नळ्या रुतल्या की उलटणार. धावपट्टी उकरलेली. उरला माझा टॅक्सीवे, आणि त्यावर माझे ड्रम.

"अक्का, ते ड्रम तेवढे काढायला सांगा. स्वल्प लवकर." आवाज असा, की जणू कुणी दूध उतू जातंय म्हणून सांगावं.

मी पदर खोचून धावले. रोलरवाले, वॉचमन, मॅनेजरसुद्धा... सगळ्यांनी ड्रम आडवे पाडले, ढकलले. शेवटचा कडेला गेला आणि मशीन आलंच. ठिणग्या, तवा दगडावर घासावा तसा आवाज, शेवटी नाक डावीकडे फिरलं आणि थांबलं. रम्या उतरून गवतावर बसली आणि रडायला लागली.

मी जवळ गेले. दोन्ही नळ्या ओरखड्यांच्या टोकांवर उभ्या होत्या. पिवळी रेघ कुठेही फिसकटलेली नाही. पट्ट्या तापलेल्या, ताज्या घासून चकाकणाऱ्या, त्यांना डांबर चिकटलेलं. पण त्या डांबराचा खड्डा कुठे? टॅक्सीवे मी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून पाहिला. नवा ओरखडा एकही नव्हता. होते ते फक्त आठवड्यापूर्वीचे दोन.

नंतर मी कितीतरी इंजिनिअरांना विचारलं. ऊन, डांबराचा मऊपणा, जुन्या खाचेत नळी बसली असेल... मग घासलेलं डांबर आलं कुठून? आणि पहिले ओरखडे उठवले कोणी, हे मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी कॅप्टन हँगरच्या पायरीवर चहा पीत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. माफी मागायची होती, पण त्याऐवजी मी मूर्खासारखी ओरखड्यांचंच बोलत सुटले: ते आधी कसे, पेंट तसाच कसा. त्यांनी ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले,

"अक्का, ओरखडे आधी आले का नंतर, ते तुम्ही बघा. मी केलेलं नाही, म्हणून सांगितलं होतं. तेवढं पुरायला पाहिजे होतं की नाही हो?"