अहिरे सर आणि रिकामी फ्लॉपी

मुलगा कॉम्प्युटरवर कितीही अडला तरी अहिरे सर त्याचा माउस हातात घेत नसत. पाठीमागे उभे राहून म्हणत, "काय व्हयनं रे भाऊ? पडद्यावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच." सर सटाण्याकडचे. घाईत असले की अहिराणी बाहेर येई.

मी मखमलाबादचा, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. बाकीच्यांच्या घरी कॉम्प्युटर होते, त्यांवर विंडोज होतं. पहिल्या प्रॅक्टिकलला मी नुसतं पडद्याचं बटण दाबून बसून राहिलो होतो. शेजारची मुलं हसली, तेव्हा कळलं की मशीनचं बटण वेगळं असतं.

त्या वर्षी सरांनी लॅबमध्ये विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. विंडोजची कॉपी केलेली सीडी कुठेही मिळे, पण सर म्हणत, "चोरीच्या सीडीवर मी शिकवणार नाही. हे फुकट आहे, उघडं आहे, आत काय चाललंय ते बघता येतं." मुलं कुरकुरत. सरांचं उत्तर ठरलेलं, "सोपं म्हणजे सवयीचं. दुसरं काही नसतं." मला ते फार पटे. वर्गात सगळेच माझ्यासारखे चाचपडत होते ना!

मुलांनी तक्रार केली आणि प्राचार्या मॅडम लॅबमध्ये आल्या. लिनक्स ठेवायचं की काढायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. सरांना खात्री होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "हा बघा. याला काहीच येत नव्हतं. हा इथं लिनक्सवर आणि ऑफिसातल्या विंडोजवर एकेक अर्ज लिहून फ्लॉपीत घेईल, दोन्ही तुम्ही ऑफिसात छापा." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

दोन्ही अर्ज लिहिले. विंडोजवरचा छापून आला. लिनक्सवरची फ्लॉपी रिकामी निघाली.

आमच्या लिनक्सवर फ्लॉपी काढण्याआधी ती सोडायची आज्ञा द्यावी लागे, नाहीतर लिहिलेलं मशीनच्या आतच राही. लॅबमध्ये आम्ही फ्लॉपी कधी वापरलीच नव्हती. मी सरळ बटण दाबून ती ओढून काढली होती.

"सर, तुमचं उघडं आहे ना? मग बघा की आत!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

सर मॅडमना म्हणाले, "याची चूक नाही. ती आज्ञा माझ्या बोटांत बसलीये. ती सांगावी लागते, हेच विसरलो."

"म्हणजे तुम्हालाही सवयच झालीये, सर," मॅडम हळूच म्हणाल्या. पुढच्या महिन्यात कॉलेजनं रीतसर विंडोज विकत घेतलं.

विंडोज आल्यानंतरच्या रविवारी मी वडिलांबरोबर पंचवटीच्या बाजारात भाजी विकायला बसलो होतो. सर गाळ्यासमोर उभे राहिले. भाजी न बघताच म्हणाले, "लॅबमधून लिनक्स गेलं त्याचं काही नाही. तुला सगळ्यांसमोर नमुना म्हणून बसवलं, ते चुकलं माझं."

माझी मान वर होईना. वडील घाबरून उठले. "पोराचं काय चुकलं का, सर?"

"नाही. माझं चुकलं."

वडील मोकळेपणानं हसले. "काय गंमत करता, सर! मास्तर कधी चुकतो व्हय?" म्हणत त्यांनी मेथीची जुडी सरांच्या पिशवीत कोंबली.

सर हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. ते खरंच सांगताहेत, एवढंही मला वडिलांना म्हणता आलं नाही.