सहाव्या मजल्यावरून बाबांनी ऐकलेली जमीन

मी कर्वेनगरला राहते, आयटीत टेस्टिंग करते. पुरावा नसेल तर बग सुद्धा मानत नाही, मग भुतंखेतं कुठली... तरी हे लिहितेय, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

माझं माहेर चंद्रपूरकडच्या एका कोळसाखाणीच्या गावात. बाबा तिथे जमिनीखालच्या खाणीत सरदार होते. कामगार आत जाण्याआधी काठीने छत ठोकायचं, आवाज भरीव आला तरच पुढे सोडायचं – हे त्यांचं काम. तीस वर्षांत त्यांच्या पाळीतला एकही माणूस गेला नाही. खाण बंद झाली, पण तिथल्याच आठ घरांच्या लाइनीत बाबांनी घर बांधलं होतं. आई गेल्यावर मी त्यांना पुण्याला आणलं. अलीकडे ते नावं विसरतात, कधी मलाही आईच्या नावाने हाक मारतात.

गेल्या वर्षी, रविवारची दुपार. जेवणं झाली होती. बाबा अचानक उठले, काठीने हॉलची फरशी ठोकू लागले. एकदा, दोनदा, मग गुडघे टेकून कान लावला.

"पोकळ वाजून राहिलं," ते म्हणाले.

माझा नवरा सदाशिव पेठेतला. पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, खाली पाचवा मजला आहे. पोकळच वाजणार."

बाबांनी ऐकलंच नाही. "सुमनवहिनीला फोन लाव. आत्ता!"

सुमनकाकू म्हणजे गावातल्या आमच्या शेजारीण, बाबांच्या खाणीतल्या जोडीदाराची बायको. मी ओशाळून फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"वहिनी, घर खाली करा. लेकरं आधी. सामान राहू द्या."

मला वाटलं, काकू हसतील, तब्येत विचारतील. त्यांनी एवढंच विचारलं, "आमचंच, का पुरी लाइन, भाऊ?"

"पुरी लाइन. मैदानात न्या, माणसं मोजा."

अर्ध्या तासाने काकूंचा फोन आला. घरांमागची जमीन खचली होती. चार घरांच्या पडव्या खाली गेल्या, आमचं घर तर निम्मं. काकूंची नात रोज दुपारी मागच्या पडवीत झोळीत झोपते. ती झोळीच आता खड्ड्यात होती. नात काकूंच्या कडेवर.

"मोजले?" बाबांनी विचारलं.

"तेवीस, भाऊ. सगळे."

"मग ठीक," म्हणून ते आडवे झाले. स्वतःच्या घराचं विचारलं सुद्धा नाही. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. नवऱ्याने बाबांच्या अंगावर चादर घातली.

चार दिवसांनी आम्ही बाबांना घेऊन गावी गेलो. चौकशीला आलेले एक साहेब विचारत होते, "लाइन रिकामी करायला कोणी सांगितलं?"

काकूंनी बाबांकडे बोट दाखवलं. "आमच्या सरदारानं."

"हे तर पुण्याला होते ना?"

"हो," काकू म्हणाल्या, "मग?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "फोन मीच लावला होता," मी म्हणाले. आज बाबांना विचारलं तर ते म्हणतात, "कोणता फोन?" साहेबांनी कागदावर शेवटी काय लिहिलं, माहीत नाही. मी त्यांच्या जागी असते तर कारणाचा रकाना कोरा सोडला असता, आणि बाबांचं पूर्ण नाव लिहिलं असतं.