रोल भरू दे

सावलीच्या बसस्टँडसमोर देवाजीभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. फोटो काढून झाला की गिऱ्हाईक विचारायचं, "भाऊ, कधी भेटन?" उत्तर ठरलेलं असे, "रोल भरू दे." छत्तीस फोटो पुरे झाल्याशिवाय ते रोल चंद्रपूरला धुवायला नेत नसत. माझ्या मुलाच्या बारशाचे फोटो हाती आले तेव्हा तो चालायला लागला होता.

एके काळी रोल बनवणाऱ्या कंपनीचा माणूस दर दिवाळीला कॅलेंडर घेऊन यायचा, स्टुडिओचं शटर फुकट रंगवून द्यायचा. मग लोकांच्या खिशात मोबाइल आले आणि त्याचं येणं थांबलं. शेवटी चंद्रपूरच्या दुकानदाराकडून कळलं, कंपनीने रोल बनवणंच बंद केलं. भाऊंना ते फार लागलं. "येवढी मोठी कंपनी बंद झाली, अन् मले साधी चिठ्ठी नाई टाकली!" जशी काही निम्मी भागीदारी यांचीच होती.

कॅमेऱ्यात शेवटचा रोल उरला. आता भाऊ चेहरे पारखून बटण दाबू लागले. आमच्या हेडमास्तरांनाही त्यांनी परत पाठवलं, "तुमी मोबाइलवरच काढा सर, तुमाले तेच शोभते." दोन वर्षांत एकतीस फोटो झाले.

त्यात कौसल्याबाईंचा नवरा होता. राइस मिलमध्ये हमाली करणारा, फोटो म्हटलं की पळणारा. भाऊंनी त्याला चहाच्या टपरीवर हसताना गाठलं होतं. तो अचानक छातीत दुखून गेला. चार दिवसांनी बाई स्टुडिओत आल्या.

"भाऊ, घरात त्याइचा एकबी फोटो नाई. तुमच्यापाशी हाय म्हणते."

मी तिथेच पेपर वाचत होतो. म्हटलं, "भाऊ, काढा आता रोल बाहेर."

ते माझ्यावरच उखडले. "मास्तर, अर्धा रोल म्या जिंदगीत काढला नाई!"

मला त्यांचा भयंकर संताप आला. पण भाऊ कॅमेरा घेऊन मागच्या अंगणात गेले. तिथे त्यांची कोंबडी दाणे टिपत होती. हेडमास्तरांना नकार देणाऱ्या या माणसाने तिचे लागोपाठ पाच फोटो काढले. "भरला रोल," म्हणाले, आणि पुढच्याच एसटीने चंद्रपूरला गेले.

नवरा जरा धूसर आला, पण हसत आला. बाई तो फोटो पदराने पुसत राहिल्या. कोंबडी मात्र लख्ख आली होती. भाऊंनी तिचा फोटो फ्रेम करून स्टुडिओत लावला आणि कॅमेरा कायमचा खुंटीला टांगला.

गेल्या वर्षी भाऊ गेले. स्टुडिओतच त्यांचा फोटो ठेवला होता, मोबाइलवर काढलेला. कौसल्याबाईंनी त्याला हार घातला. मग त्या भिंतीवरच्या कोंबडीसमोर गेल्या आणि तिलाही हात जोडले. कोणीही हसलं नाही.