चावी म्हणजे चावी

मास्तरांनी उभ्या जन्मात शाळेत शिकवलं नव्हतं. ते गाडी शिकवायचे. टपावर लाल पाटी लावलेली एक छोटी जुनी गाडी, त्यांच्या बाजूला जादा ब्रेक आणि मांडीवर स्टीलची फूटपट्टी, एवढ्या भांडवलावर त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली आणि त्याच अर्ध्या गावाला रडवलं. बँकेतला साहेब असो नाहीतर दवाखान्यातली डॉक्टरीणबाई, मास्तरांशेजारी बसलं की सगळ्यांची शेळी व्हायची. "माझ्या हाताखालून गेलेला माणूस भर चौकात गाडी बंद पडली तरी घाबरत नाही," असं ते सांगत सुटायचे. घाबरेल कसा? मास्तरांपेक्षा वाईट त्या चौकात दुसरं काही नसायचंच.

शिकवण्याची रीत साधी होती. गाडी बंद पडली की मास्तर एकच शब्द बोलायचे, "चावी." समजावणं नाही, चुचकारणं नाही. चावी म्हणजे क्लच दाबायचा, चावी फिरवायची आणि इंजिन सुरू होईपर्यंत सोडायची नाही. हात रेंगाळला की बोटांवर सटकन पट्टी. चावी लवकर सोडली तरी पट्टी. आठवडाभरात माणूस असा तयार व्हायचा की शब्द कानात शिरायच्या आत त्याचा हात फिरलेला असायचा.

हल्ली मात्र शिष्य आटले होते. लोकांना गोड बोलणारे मास्तर हवे झाले होते. मुलगा तर कधीचा टपून बसला होता. "बाबा, चालतेय तोवर चालवा," त्याने निक्षून सांगितलं होतं. "ज्या दिवशी इंजिन बसेल, त्या दिवशी गाडी भंगारात. दुरुस्ती नाही की दुसरी गाडी नाही. मग घरी बसायचं, निमूटपणे." घरी बसणं म्हणजे काय, ते मास्तर रोज बघत होते. शेजारचे म्हातारे दिवसभर खिडकीशी बसायचे आणि घरातली माणसं त्यांना न विचारता ती खिडकी लावून घ्यायची. तेव्हा मास्तरांचं सगळं मास्तरपण त्या एका इंजिनावर टांगलेलं होतं.

आणि तरीही, गॅरेजवाल्याने बजावलेलं त्यांनी कानाआड केलं. तो म्हणाला होता, "मास्तर, टायमिंग बेल्ट म्हातारा झालाय. बदलून टाका."

"म्हातारा म्हणजे लगेच निकामी का?" मास्तर उखडले. तो शब्द त्यांना भलताच झोंबला होता. बेल्ट तसाच राहिला.

कुणी शिकायला येईना, तेव्हा त्यांनी सुनेला धरलं. तिला गाडी शिकायची हौस नव्हती. पण सासऱ्यांना नाही म्हणायची तिची छाती नव्हती आणि नवरा म्हणाला, "जा गं, त्यांचा वेळ जाईल." मास्तरांनी तिला शिष्यांइतकंच झोडपलं, किंबहुना थोडं जास्तच. घरचीच होती, तक्रार कुठे करणार? बिचारी संध्याकाळी भांडी घासून झाली की बोटं पदराआड लपवायची.

त्या दिवशी सकाळपासून इंजिनाच्या पुढच्या अंगाला बारीक टकटक येत होती. मास्तरांनी ऐकली आणि खिडकीची काच वर केली. सून गाडी चालवत होती. बाजाराच्या चढावर इंजिन अचानक गप्प झालं. क्लच चुकला की गाडी हिसका देते, आचके देते. इथे तसलं काही नाही. कुणीतरी दिवा मालवावा तसं झालं, आणि मास्तरांनी ओळखलं. बेल्ट गेला.

त्यांना पक्कं ठाऊक होतं की आता चावीला हातसुद्धा लावायचा नाही. त्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत पाळीपाळीने येतात. पाळी सांभाळतो तो हा बेल्ट. तो घसरला की दोघं एकाच वेळी तिथे हजर आणि एकमेकांचं डोकं फोडायला मोकळे. गाडी आहे तशी ढकलत गॅरेजला नेली तर इंजिन वाचण्याची आशा होती.

"चावी..." मास्तर म्हणाले. पुढे 'सोड' म्हणायचं होतं. पण गाडीत 'चावी'च्या पुढे दुसरा शब्द काढायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती, आणि सुनेला पुढचा शब्द लागतच नव्हता. तिने क्लच दाबला, चावी फिरवली.

आतून खडखड आली. मास्तरांचा हात स्टिअरिंगच्या पलीकडच्या चावीपर्यंत पोचेना. पोचत होती ती फक्त पट्टी. त्यांनी ती तिच्या बोटांवर हाणली, तिने हात काढावा म्हणून. पट्टी पडली म्हणजे आपण कमी पडतोय, एवढंच तिला शिकवलेलं. तिने चावी आणखी घट्ट धरली. त्यांनी पुन्हा हाणली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दात ओठांवर रुतले होते, पण चावी काही तिने सोडली नाही. आत काहीतरी कडाडलं आणि मग स्टार्टरही फिरेना, तेव्हा कुठे तिने मास्तरांकडे पाहिलं. "बरोबर केलं ना, बाबा?"

मास्तर दार उघडून खाली उतरले. गाडी दोरीने ओढत गॅरेजला गेली. सून घरी चालत गेली.

गॅरेजवाल्याने झाकण उघडून आत पाहिलं. "बेल्ट आधी नुसता घसरला होता, मास्तर. चावी मारली नसती तर नवा बेल्ट टाकून गाडी निघाली असती. आता व्हॉल्व्ह वाकले, पिस्टन फुटला. इंजिन संपलं." मग हात पुसत म्हणाला, "चावी कुणी मारली?"

"सुनेने."

"थांबवलं नाहीत?"

"ऐकेल तर ना," मास्तर म्हणाले.

मुलाने परस्पर भंगारवाल्याला फोन लावला. दुपारी गाडी गेली. टपावरची पाटी काढून घ्यायचंही कुणाला सुचलं नाही.

मास्तर घरी आले, तेव्हा सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं, डोळे रडून सुजलेले. घरी आल्यापासून ती एकच गोष्ट मनात घोळवत होती, हे दिसतच होतं. एक वाक्य बोलले असते तर मास्तर तिला त्यातून सोडवू शकले असते. तसं करायला काही लागणारही नव्हतं.

"बाबा," ती चाचरत म्हणाली, "माझ्यामुळेच गेली ना गाडी?"

मास्तरांनी तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तिने फडक्यातला हात पदराआड ओढून घेतला. अख्ख्या जगात मास्तरांना घाबरणारं आता एवढं एकच माणूस उरलं होतं.

"हो," ते म्हणाले. "तुझ्यामुळेच."

तिने मान खाली घातली. आणि त्या दिवसात पहिल्यांदाच मास्तरांना जरा बरं वाटलं.