पक्षी बघायला गेले आणि आत्याची भाकर अडवून आले

हे लिहायला मी तीन आठवडे लावले. आधी म्हटलं फोटो नीट लावते, मग म्हटलं रिचार्ज संपलाय, मग चार दिवस नुसतीच लोळले. खरं कारण असं की या प्रवासात दाखवण्यासारखं मी काहीच केलं नाही. केलं ते लपवण्यासारखं. पण नवेगावच्या तलावाचा रस्ता विचारणारे तिघंजण मेसेजमध्ये मागे लागलेत, म्हणून लिहिते.

निघाले शुक्रवारी सकाळी, गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याहून, म्हणजे आमच्या घरून, माझ्या स्कूटीवर. ठरवलं होतं सहाला, निघाले साडेनऊला. गोरेगावमार्गे कोहमारा, पुढे नवेगाव. दोनशेचं पेट्रोल जाऊन-येऊन पुरतं, भटकायचं असेल तर नाही पुरत. धान कापून झालेलं, रस्त्याच्या कडेला लोकांनी अर्ध्या डांबरावर धान वाळत घातलेलं, त्यामुळे समोरून ट्रक आला की तुम्ही कुठे जायचं हे तुमचं तुम्ही बघा. कोहमाऱ्याच्या चौकात ढाबे भरपूर. तर्री-पोहे तीस रुपये. तर्री वेगळी मागा, नाहीतर पोह्यांचं सूप करून देतात. तिथे एका ट्रकवाल्याशी बोलण्यात माझा पाऊण तास गेला. तो टायरचा आवाज ऐकून हवा ओळखतो म्हणे. मग माझंच मागचं टायर पंक्चर निघालं. त्याला ऐकू आलं नव्हतं.

मुक्काम आत्याकडे. मार्था आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण, कोहमारा सोडल्यावर आतल्या एका गावात राहते. गावाचं नाव लिहू नकोस असं तिनं बजावलंय. तिथे आमच्या ख्रिस्ती मंडळीची अकरा घरं आणि कौलारू प्रार्थनाघर.

पोचले तर आत्या दारात नाही. शेजारीण म्हणाली, "ते घरं फिरून राहिली. ह्या वक्ती भाकर तिच्याकडे आहे ना."

हे समजावून सांगते, कारण हे दुसरीकडे मी कुठे पाहिलं नाही. धान घरात आलं की एका रविवारी इथे कापणीचा सण होतो आणि त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा खायचा. त्याची भाकर नव्या तांदळाची, बिनमिठाची, आणि ती दर वर्षी एका घरची बाई करते. पण करण्याआधी तिनं प्रत्येक घरी जाऊन एकच विचारायचं: काही राहिलं का? म्हणजे तुझ्या-माझ्यात काही अढी, राग, बोलणं राहिलंय का. राहिलं असेल तर आधी ते मिटवायचं, मग पिठाला हात लावायचा. मन साफ नसलेल्या हाताची भाकर चालत नाही. लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकवायचे की ज्याचं मन निर्मळ त्याला देव दिसतो. मला तेव्हा वाटायचं चष्म्यासारखं काहीतरी असेल.

आत्या परतली, पायाला धूळ, तोंडावर वैताग.

"आली का वं. बैस. मायं घर सोडून दहाच्या दहा घरं झाले. सारे म्हणतात काही नाही राहिलं."

"मग झालं की."

"काय झालं? तुया बाप राहिला ना!"

माझे बाबा गोंदियाला राईस मिलमध्ये आहेत. सहा वर्षं ते आत्याशी बोललेले नाहीत. आजी इथे शेवटची आजारी होती तेव्हा मिलचा सीझन होता, बाबांना तीन महिने येता आलं नाही. आले ते आजी गेल्यावरच. त्या रविवारी प्रार्थनाघरात आत्या उभी राहिली आणि डोळे मिटून मोठ्यानं म्हणाली, प्रभू, माझ्या भावाला क्षमा कर, त्यानं मरत्या आईला तोंड दाखवलं नाही. सगळ्या मंडळीनं जोरात आमेन म्हटलं. बाबा उठले, चप्पल घातली आणि गेले. आत्याचं म्हणणं एकच होतं: म्या तं प्रार्थना केली, भांडण कुठं केलं?

"तू उद्या जाजो," आत्या मला म्हणाली. "त्याच्या तोंडासमोर विचारजो, काही राहिलं का. अन् संध्याकाळपर्यंत येऊन सांगजो."

"फोन कर ना, आत्या."

"माया फोन उचलते का तो? अन् फोनवर मन दिसते का?"

शंभर किलोमीटर. जाऊन-येऊन. मी पक्षी बघायला आले होते! चिडून म्हटलं, "सहा वर्षं कोणाला सुचलं नाही, आता मीच सापडले का?"

"आतापर्यंत भाकरीचा माया नंबर नव्हता आला," आत्या शांतपणे म्हणाली आणि मला भाताचं ताट दिलं.

शनिवारी सकाळी निघाले. खरंच कुडव्याकडेच निघाले होते. पण फाट्यावर नवेगावचा बोर्ड दिसला, ऊन कोवळं होतं, म्हटलं अर्धा तास. तुम्हाला सांगते, त्या तलावाला अर्धा तास देणं म्हणजे थट्टा आहे. गेटवर तिकिटाचं आणि वेळेचं आधी विचारून घ्या, दर वेळी कोणी वेगळंच सांगतं. आत पाणीच पाणी, मागे डोंगर, आणि पाण्यावर बदकं, इतकी की मोजायचा कंटाळा येईल. नावं मला विचारू नका. एक पांढऱ्या कपाळाचं होतं, ते सारखं बुडी मारून भलतीकडेच वर यायचं. कुठून निघेल हे मी स्वतःशी पैज लावत बसले. मग एका कोळणीकडे भाजलेली मासळी खाल्ली, साठ रुपये, काटे जपून. मग बोरं. घड्याळ बघितलं तर तीन वाजलेले.

आता कुडव्याला जाऊन परत येणं शक्यच नव्हतं. मी बाबांना फोन लावायला काढलासुद्धा. पण म्हटलं, विचारून काय होणार? ते म्हणणार, छोड ना. म्हणजे काही राहिलं नाही असाच अर्थ ना? हा हिशेब मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून केला आणि मला तो पटलाही.

संध्याकाळी आत्याच्या अंगणात गाडी लावली आणि म्हटलं, "विचारलं. बाबा म्हणाले काही नाही राहिलं."

आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं. "कसा बोलला?"

"हसले."

"हासला?" ती ओट्यावर बसलीच. पदरानं डोळे पुसले. "बाबू हासला. लहानपणी त्याच्या गालाले खड्डा पडे. आता बी पडते का वं?"

"पडतो," मी म्हटलं. हे तरी खरं होतं.

ती उठली आणि गाणं म्हणत तांदूळ निवडायला लागली.

रविवारी उजाडता उजाडता चूल पेटली. उकड काढलेली, आत्याचे दोन्ही हात पिठात. मी चहाच्या आशेनं तिथे बसले. तिनं मान वर केली.

"घरातलीले बी विचारा लागते. पोरी, तुयामायात काही राहिलं का?"

इतका साधा प्रश्न. नाही म्हटलं असतं तर चहा मिळाला असता. मी म्हटलं, "राहिलं."

आणि सगळं सांगितलं. तलाव, बदक, मासळी. बाबांना भेटलेच नाही ते. हसले नाहीत ते.

आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हात धुतले, परातीवर झाकण ठेवलं. मग झाकण काढलं, एक भाकर थापली, भाजली, मिठाची बुकणी आणि मिरचीची चटणी घातली आणि माझ्यासमोर ठेवली. "खा. आता हे साधी भाकर आहे."

प्रार्थनाघरात भजनं झाली, धानाच्या पेंढ्या पुढे मांडल्या. पाळक, म्हणजे आमचे पास्टर, टेबलाकडे बघतात तर टेबल रिकामं. आत्या उभी राहिली. मला वाटलं आता माझं नाव घेणार, डोळे मिटून, मोठ्यानं. तिनं डोळे उघडेच ठेवले.

"भाकर नाही आणली," ती म्हणाली. "मन साफ नाही. सहा वर्षं झाले, ह्याच जागी म्या भावाची प्रार्थना केली. ते प्रार्थना नव्हती. मले त्याले लाजवायचं होतं. देवाचं नाव घेऊन चुगली केली म्या. अन् तुम्ही साऱ्यायनं आमेन म्हटलं."

कोणी आमेन म्हटलं नाही. पाळक बिचारे म्हणाले, "बाई, दुकानातून पाव आणता येईल." मागून एक म्हातारा खेकसला, "पाव कायले? थांबू. धान कुठं पळून नाही राहिलं."

जेवणाच्या पंगतीत बायकांनी मला सोडलं नाही. "हेच का ते, बदकंवाली?" एकीनं मुद्दाम मला रस्सा वाढला आणि विचारलं, "मासे नाही हो आमच्याकडे, चालते का?" माझं नाव कुणाच्या तोंडात आलंच नाही, दिवसभर मी बदकंवालीच होते. आत्यानं मात्र कोणाला काही सांगितलं नसल्याची शपथ घेतली. चुलीच्या धुरातून बातमी जाते तिथे.

घरी आले. बाबा टीव्ही बघत होते. मी समोर उभी राहून विचारलं, "आत्यानं विचारलंय, काही राहिलं का?"

"छोड ना," बाबा म्हणाले. "काही नाही राहिलं." नजर टीव्हीवरच.

मग मी त्यांना आत्या प्रार्थनाघरात काय बोलली ते सांगितलं, शब्दाला शब्द, डोळे उघडे होते तेही. त्यांनी टीव्ही बंद केला. बाहेर जाऊन त्यांची मोटरसायकल तासभर धूत बसले, जी आदल्याच दिवशी धुतली होती. त्यानंतर तीन आठवडे या विषयावर एक अक्षर नाही. तिकडे अकरा घरं थांबलीत. दर रविवारी आत्याचा मेसेज येतो: आज बी नाही.

काय राहिलं या प्रवासातून, असं शेवटी लिहायची पद्धत आहे. फोटो चौदा, त्यातले अकरा धूसर. आणि एक त्रास. मन साफ ठेवणं हे मला पांढऱ्या कपड्यासारखं वाटायचं, एकदा घातला की झालं. पण हे तर रोज घासायच्या भांड्यांसारखं निघालं, आणि वर कोणीतरी येऊन विचारतं, खालचं करपलेलं निघालं का? आता मला दूधवाल्याला "उद्या देते" म्हणतानासुद्धा अडखळायला होतं. याचा फार वैताग येतो. पूर्वी मी किती सुखात खोटं बोलायचे.

एवढं लिहून थांबणार होते. बाबा सकाळीच आमगावला काम आहे म्हणून गेलेत, घर शांत आहे. आणि आत्ता आत्याचा फोन आला, दम लागलेला, मागे कोंबड्यांचा गोंधळ.

"पोरी, तुया बाप आला वं. फाटकाशी उभा आहे. आतही येऊन नाही राहिला, आता बोलूनही नाही राहिला."

"मग तू विचार ना, आत्या!"

"म्या काय विचारू? त्यानंच विचारलं. गाडीवरून उतरल्या उतरल्या." तिचा आवाज फाटला. "म्हणते, बाई, काही राहिलं का?"