सहीपुरती बाई

सरोजिनी निकमचा कुणावर विश्वास बसत नाही, असं तिचा नवरा उन्मेष चारचौघांत हसत सांगतो, आणि सांगून झाल्यावर हळूच बायकोकडे बघतो. सिंगापुरात बुकित बातोकच्या त्यांच्या इमारतीखाली कॉफीवाला अंकल एखाद्या दिवशी जास्त गोड बोलला, तरी ही म्हणते, "आज साखर कमी घातली असणार बघ." पण ही बाई पहिल्यापासून अशी नव्हती हो. तिला अशी केली, ती तीन मुलाखतींनी.

मूळची ती कोल्हापूरची. तिथं फुटबॉलचं वेड किती, ते कोल्हापूरकरालाच विचारावं; पेठेपेठेची टीम आणि पेठेपेठेचं भांडण. सरोजिनी भावाचे बूट घालून गल्लीत पोरांशी खेळली, आणि पोरांच्या नडग्या सुजवून घरी आली. लग्नानंतर पुण्यात बूट माळ्यावर गेले. चौदा वर्षांपूर्वी उन्मेषला सिंगापूरला आयटीतली नोकरी लागली आणि हीही बायको म्हणून त्याच्या नोकरीच्या पासवर आली. महिनाभर फ्लॅटच्या भिंतींकडे बघून कंटाळल्यावर इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकपाशी, पोरं चेंडू लाथाडत होती, त्यांना ही ओरडून शिकवायला लागली. तिथून जी सुरुवात झाली, ती कोचिंगची एकेक परीक्षा देत थेट ए लायसन्सपर्यंत. ए लायसन्स असलेल्या बायका ह्या अख्ख्या बेटावर एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात. एका अकादमीत ती सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची सहायक कोच होती. सहायकच. सहा वर्षं सहायक. आता तिचं वय त्रेचाळीस उलटलं होतं, आणि एकदा, फक्त एकदा, पगारी खेळाडूंच्या टीमची मुख्य कोच व्हायचं, एवढी एकच गोष्ट तिला आयुष्याकडून हवी होती.

तीन वर्षांपूर्वी इथल्या मोठ्या लीगनं नियम काढला. कुठल्याही क्लबला मुख्य कोच नेमायचा तर आधी निदान एका बाईची मुलाखत घ्यायची. नेमायची असं नाही हं, मुलाखत घ्यायची! आणि ती झाली, असं त्या बाईनं सही करून दिलेला कागद लीगकडे पाठवायचा. सही नाही तर नेमणूक नाही. बातमी वाचून सरोजिनीनं त्या दिवशी घरात पुरणपोळ्या केल्या.

पहिलं बोलावणं दोन महिन्यांत आलं. चाळीस पानांची फाइल करून गेली बिचारी. त्यांनी फाइल उघडलीच नाही. नवऱ्याच्या कामाच्या वेळा काय, मुलगी केवढी, खेळाडू कपडे बदलत असताना तुम्ही खोलीत कशा जाणार, असलं विचारलं आणि कागद पुढं केला. तिनं आनंदानं सही केली. आठ दिवसांनी पेपरात नव्या कोचचा फोटो. साहेब स्पेनहून आलेले, आणि सोबत घरातलं सामान जहाजानं आलेलं. सरोजिनी पेपर हातात धरून उन्मेषला म्हणाली, "जहाज आठ दिवसांत येतं व्हय रे?"

दुसऱ्या क्लबच्या गेटवर तर गार्डनंच विचारलं, "तुम्ही कुठले कोच? नवे कोच तर मघाशीच वर गेले." तरी ती वर गेली. आत गेल्यावर मात्र त्यांनी इतकं गोडीनं विचारलं, की हिनं फळ्यावर कॉर्नर किकची आपली अख्खी आखणी काढून दाखवली. सही केली, घरी आली. पुढं दोन महिन्यांनी टीव्हीवर त्याच क्लबचा सामना लागला होता, आणि त्याच आखणीवर त्यांनी गोल केला. तोच धावणारा, तीच जागा. उन्मेष टाळ्या वाजवायला लागला, तेव्हा तिनं रिमोट भिंतीवर फेकला. "माझं आहे ते! चोर मेले!"

तिसरी मुलाखत अकरा मिनिटांत आटोपली. त्यातली चार मिनिटं समोरचा माणूस नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खात होता. लायसन्सवाल्या बाकीच्या बायका शाळांमधून निवांत होत्या, त्यांना असल्या फंदात पडायचं नव्हतं, म्हणून जो तो हिलाच बोलवत होता. सहीपुरती बाई! त्या दिवसापासून सरोजिनीला सगळीकडेच पाणी मुरताना दिसायला लागलं.

अशात चौथी ईमेल आली. किंगफिशर म्हणून मरीन परेडकडचा एक क्लब होता, खालच्या लीगमधला, पण पगारी. पुढच्या मोसमापासून वरच्या लीगमध्ये जाणार होता. त्यांना मुख्य कोच हवा होता. सोबत आपल्या तीन सामन्यांची रेकॉर्डिंग्ज पाठवली होती, 'सवडीनं बघून ठेवा' म्हणून.

"बघून ठेवा म्हणे," सरोजिनी म्हणाली. "म्हणजे मी फुकटात चुका शोधून द्यायच्या, आणि ह्यांनी त्या आपल्या माणसाला सांगायच्या."

"तसं कशावरून?" उन्मेषनं विचारलं.

तिनं फोन त्याच्या नाकासमोर धरला. क्लबच्या पानावर गेल्या आठवड्यातला एक फोटो होता. मैदानाच्या मधोमध एक गोरा, उंच, टोपीवाला माणूस कमरेवर हात ठेवून उभा, आणि शेजारी क्लबचे अध्यक्ष मिस्टर को त्याच्याकडे कौतुकानं बघतायत. "हा बघ. ठरलंय सगळं. आता फक्त माझी सही राहिलीय."

तेरा वर्षांची इरा सोफ्यावरून वर न बघताच म्हणाली, "आयया आई, यू थिंक टू मच लाह. जस्ट गो ओन्ली."

"जाते की," सरोजिनी म्हणाली. "ह्या वेळी सुनावूनच येते एकेकाला."

आता हिचा स्वभाव बघा. बघणार नाही, बघणार नाही म्हणत तिनं ते तिन्ही सामने दोन-दोनदा बघितले. समोर सामना चालू असला की ही बाई जागची हलत नाही, कुकरच्या शिट्ट्या होऊन जातात. आणि तिला सापडलंही. किंगफिशर तिन्ही सामने शेवटच्या पंधरा मिनिटांत हरले होते. त्यांचा सहा नंबरचा खेळाडू, मधल्या फळीतला, सत्तराव्या मिनिटानंतर दमून मागं मागं सरकायचा आणि बचाव करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. त्याच्यापुढची जागा मोकळी पडायची, आणि समोरचे तिथून आत घुसायचे. इतकं साधं होतं. मुलाखतीच्या दिवशी तिनं हे सगळं डोक्यात ठेवलं, फाइल मुद्दाम जेवणाच्या टेबलावर सोडली आणि ऑर्चर्डला मेट्रो बदलून मरीन परेडला पोचली.

मुलाखतीला दोघंच होती. एक मिस्टर को, सत्तरीचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. दुसरी रोहानी, क्लबचीच मॅनेजर, डोक्याला तुडुंगचा रुमाल बांधलेली, एके काळची गोलकीपर. खोलीच्या खिडकीतून मैदान दिसत होतं. रोहानीनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. सरोजिनीनं तो तसाच ठेवला.

"कोच," मिस्टर को म्हणाले, "सामने बघितलेत?"

"बघितले."

"आम्ही शेवटी शेवटी का हरतो?"

उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर होतं. पण तिला टीव्हीवरचा तो कॉर्नर आठवला आणि आतून संताप उसळला. पुन्हा नाही, ती मनात म्हणाली, एकदा बनवलंत तेवढं पुरे झालं. "तुम्ही ज्याला नेमलंय, त्यालाच विचारा की," ती म्हणाली.

मिस्टर को आणि रोहानी एकमेकांकडे बघायला लागले. बघा कशी चोरी पकडली, असं सरोजिनीला वाटलं.

"आम्ही कुणाला नेमलेलं नाही," मिस्टर को म्हणाले.

ती नुसती हसली. असलं हसू, की समोरच्याला दोन थोबाडीत मारलेल्या परवडतील.

रोहानीनं विषय बदलला. दोन वर्षांत क्लबचे तीन कोच सोडून गेले होते. एकाला मोठं बोलावणं आलं, एकाला मैदान आवडलं नाही, तिसरा न सांगताच गेला. पोरं बिथरली आहेत, ती म्हणाली, नव्या माणसाचं ऐकतच नाहीत. तुम्ही आलात तर टिकाल का?

"हे पण त्यालाच विचारा."

मिस्टर कोंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कोच, मी पुन्हा विचारतो. तीन वर्षं आमच्याबरोबर राहाल का?"

तो म्हातारा इतका सरळ विचारत होता, की क्षणभर सरोजिनीचं मन डळमळलं. पण मागचेही गोडच बोलले होते. गोड बोलणाऱ्यांचंच तर तिला भय बसलं होतं. वीस मिनिटं ती अशी ताठ बसून राहिली. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, त्यालाच विचारा. शेवटी तीच उठली आणि तिनं हात पुढं केला.

"द्या तो कागद. सही करते आणि जाते. तुमचाही वेळ जायला नको, माझाही."

"कुठला कागद?" मिस्टर कोंनी विचारलं.

"कुठला म्हणजे? बाईची मुलाखत घेतली म्हणून लीगला पाठवता तो! मला काय खुळी समजलात?" शेवटचं वाक्य मराठीतच निघालं, पण त्याचा सूर दोघांनाही समजला.

रोहानी सावकाश म्हणाली, "तो नियम वरच्या लीगला आहे. आम्ही पुढच्या मोसमात जाऊ, तेव्हा आम्हाला लागेल. आत्ता आमच्यावर सक्ती नाही."

सरोजिनीचा हात तसाच पुढं राहिला.

"मग मला कशाला बोलावलंत?"

"तुमच्या अकादमीची पोरं आमच्या राखीव टीमशी खेळली होती, मार्चमध्ये," मिस्टर को म्हणाले. "चार गोल खाल्ले आम्ही. कोण शिकवतं ह्यांना, म्हणून चौकशी केली."

"आणि तो फोटोतला गोरा?"

"तो गवत विकतो," रोहानी म्हणाली. "मैदानाचं."

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. खिडकीबाहेर ते नवंकोरं गवत पसरलं होतं, आणि त्यावर दहा-बारा खेळाडू धावत होते. सहा नंबरही होता त्यात. तिला तिथल्या तिथं जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. अगं, काय केलंस तू हे, बये!

"सर," ती म्हणाली, "मला पुन्हा पहिल्यापासून विचाराल का? प्लीज. मला सगळं माहिती आहे."

मिस्टर कोंनी घड्याळ बघितलं. "पुढचा उमेदवार बाहेर थांबलाय, कोच. त्याला दहाची वेळ दिलीय."

मग सरोजिनी दारात उभी राहून बोलत सुटली. सहा नंबरचं मागं सरकणं, मोकळी पडणारी जागा, त्याला पासष्टाव्या मिनिटाला बदलायचा, नाहीतर आठ नंबरला खाली आणायचा, सगळं एका दमात, हातवारे करत. इंग्रजीत मराठी शब्द येत होते आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. मिस्टर को खिशातलं पेन काढून लिहून घेत होते. बोलून झालं, तिनं "सॉरी" म्हटलं आणि बाहेर पडली. बाहेर बाकावर एका शाळेचा तरुण कोच मांडीवर फाइल घेऊन ओठातल्या ओठात उजळणी करत बसला होता. त्यानं उभं राहून तिला 'गुड मॉर्निंग, कोच' म्हटलं. ती मान हलवून पुढं निघून गेली.

घरी उन्मेषनं विचारलं तर म्हणाली, "बरी झाली." पुढचे दोन आठवडे मात्र फोन वाजला की ही आंघोळीतून ओरडायची, "कुणाचा आहे बघ रे!" अकादमीत पोरांवर उगाच खेकसायची, आणि मग त्यांनाच आइस मिलो पाजायची. तिला आशा होती. उघड कबूल करत नव्हती, पण भरपूर होती.

एका रविवारी सकाळी ती टेक्काच्या बाजारातून आणलेली मेथी निवडत होती, तेव्हा मिस्टर कोंचा फोन आला. तिनं ओल्या हातानंच उचलला.

"कोच, आम्ही दुसऱ्या उमेदवाराला घेतलं," ते म्हणाले. "मला वाटलं, हे मी स्वतः सांगावं."

"हो," ती म्हणाली.

"फुटबॉल तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कळतो. रोहानीचंही तेच मत पडलं. पण आमच्या पोरांना तीनदा सोडून गेलेत लोक. त्यांच्यासमोर असा माणूस हवा, जो त्यांच्यावर विश्वास टाकेल. तुम्ही वीस मिनिटं आमच्यासमोर बसलात आणि आमच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाहीत. का ते मला थोडंफार कळतं. दुसऱ्या क्लबांबद्दल मी ऐकलंय. पण मला पोरांचं बघायला हवं."

ह्यात कुठंतरी खोट असेल म्हणून सरोजिनी कान देऊन ऐकत होती. त्या दोन मिनिटांत तिला एकही शब्द खोटा सापडला नाही.

"अजून एक," मिस्टर को म्हणाले. "ते सहा नंबरचं तुम्ही सांगितलंत, ते आम्ही अजून वापरलेलं नाही. तुमचं आहे ते. तुम्ही हो म्हणालात तरच वापरू."

"वापरा," ती कशीबशी म्हणाली. "आणि पासष्टाव्या मिनिटाला बदला त्याला. सत्तराव्या नको, उशीर होतो."

"थँक यू, कोच."

फोन ठेवून ती मेथीच्या जुडीपुढं बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. उन्मेष आतून धावत आला. बायकोला असं रडताना त्यानं लग्नापासून बघितलं नव्हतं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय झालं? ह्यांनी पण फसवलं ना? तू म्हणत होतीस तेच खरं, सगळे एका माळेचे मणी आहेत!"

"नाही रे," सरोजिनी पदर नव्हता म्हणून टी-शर्टच्या बाहीनं डोळे पुसत म्हणाली. "ह्यांनी फसवलंच नाही."