लाँड्रीवाल्या ताईचा साहेब

लाँड्रीवाल्या ताईच्या नाकावर कायम राग. गिऱ्हाईक कपडे टाकायला आलं की ती आधी शर्टाची कॉलर बघायची, मग त्या माणसाकडे, आणि दोन्ही सारखेच मळके असल्यासारखा चेहरा करायची. "संध्याकाळी मिळतील. दुपारी येऊन डोकं खाऊ नका." इस्त्री मात्र कडक करायची, म्हणून लोक तिचं तोंड सहन करत.

नवऱ्याला सोडून ती माहेरी आली त्याला बरीच वर्षं झाली होती. खाली दुकान, वर तीन खोल्या. एकीत ती, दुसरीत धाकटा भाऊ आणि त्याची बायको, बाहेरच्या खोलीत वडील. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. हात थरथरायला लागले तसे घरी बसले. ताई आणि भावजय यांच्यात विस्तव जात नव्हता. भांडण कशावरून सुरू झालं हे दोघींनाही आता सांगता आलं नसतं. पण उतू गेलेल्या दुधापासून बाथरूममधल्या बादलीपर्यंत काहीही त्यांना पुरायचं.

वडिलांना सोबत म्हणून भावाने पग जातीचं कुत्र्याचं पिल्लू आणलं. बसकं नाक, बटबटीत डोळे, कपाळभर आठ्या. वडील हसून म्हणाले, "आठ्या बघा केवढ्या, पण ओरडत नाही. असा साहेब मला जन्मात भेटला नव्हता." तेव्हापासून तो साहेब.

साहेबाचं सगळं वडीलच करायचे. नाकावरच्या घड्या ओल्या फडक्याने पुसायच्या आणि लगेच कोरड्या करायच्या, कारण ओल राहिली की तिथे चिघळतं. पट्टा गळ्यात बांधायचा नाही, छातीला बांधायचा, कारण बसक्या नाकामुळे श्वास आधीच अपुरा. फिरायला न्यायचं ते ऊन चढायच्या आत. खायला बेतानेच, कारण याचं पोट भरलं तरी नजर भरत नाही.

वडील गेले आणि साहेब कुणाचाच राहिला नाही.

"तूच आणलास ना? मग तूच सांभाळ," ताई भावाला म्हणाली.

"बाबांना सोबत म्हणून आणला होता, ताई."

"तुला बसायला वेळ नव्हता त्यांच्याजवळ, म्हणून आणलास. सोबत म्हणे!"

आतून भावजयीचा आवाज आला, "घरभर केस नि वास. ज्यांना दिवसभर दुसऱ्यांचे मळके कपडे चालतात, त्यांना चालत असेल."

ताईने हातातली वाटी अशी आपटली की साहेब उठून उभा राहिला आणि शेपटी हलवायला लागला.

त्याला भांडण कळायचं नाही, हीच तर अडचण होती. त्याला फक्त माणूस लागायचं. एकटं ठेवलं की दार खरवडायचा, माणूस दिसलं की मांडी शोधायचा. ताईने झटकलं की भावजयीकडे, तिने हाकललं की पुन्हा ताईकडे. हळूहळू दोघी त्याच्याच तोंडून बोलायला लागल्या.

"साहेब, सांग तिला, गॅस पुसायला हात झिजत नाहीत."

"साहेब, म्हणावं, ज्यांचं स्वतःचं घर टिकलं नाही त्यांनी दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये."

साहेब मान तिरकी करून दोघींकडे बघायचा. धाकटा पेपरात तोंड खुपसून बसायचा.

दिवसा साहेब वरच असायचा. खाली इस्त्रीची धग आणि वाफ त्याला सोसली नसती, हे दोघींनाही ठाऊक होतं. उन्हाळ्यातल्या एका दुपारी भावजयीच्या मैत्रिणी आल्या. साहेब प्रत्येकीच्या साडीला केस चिकटवत फिरत होता. वैतागून तिने त्याला गॅलरीत ढकललं, काचेचं दार लावलं आणि गप्पांत विसरून गेली.

ताई जेवायला वर आली. बाहेरच्या खोलीत हास्याचे फवारे चालले होते. साहेबाचं घोरणं मात्र कुठेच नाही. तिने गॅलरीचं दार उघडलं. तो तापलेल्या फरशीवर चारी पाय पसरून पडला होता. जीभ जांभळी, श्वास करवतीसारखा.

ताईने त्याला उचलून नळाखाली धरलं, ओल्या टॉवेलवर ठेवून पंखा लावला आणि मैत्रिणींदेखत भावजयीला म्हणाली, "मारायचाच होता तर मला सांगायचंस. उशी दिली असती दाबायला."

भावजयीचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... दहा मिनिटांसाठीच..."

"तोंड बंद ठेव."

ओल्या टॉवेलसकट त्याला छातीशी धरून ती रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी सुई दिली, ऑक्सिजन लावला. तासाभराने साहेबाने डोळे उघडले. ताईला वाटलं, आता भावजयीचा चांगला उद्धार ऐकायला मिळणार. पण बाईंनी साहेबाचं पोट दाबून तिलाच विचारलं, "याला घरात खायला कोण कोण घालतं?"

"मीच. सकाळ-संध्याकाळ."

"एवढ्यावर हा असा पिंप होत नाही. आणखी कुणीतरी घालतंय. एवढी चरबी असताना ऊन कसं झेपेल? आणि या घड्या बघा, आत चिघळलंय. किती दिवस पुसल्या नाहीत?"

ताईने टॉवेलच्या कोपऱ्याने त्या घड्या पुसायला घेतल्या. 

घरी आल्यावर तिने साहेबाला मध्ये न घालता भावजयीला थेट विचारलं, "तू याला खायला घालतेस?"

"घालते. तुम्ही रागाच्या भरात उपाशी ठेवत असाल, असं वाटलं."

"मी उपाशी ठेवीन? मुक्या जनावराला?"

"माणसांशी जशा वागता, त्यावरून वाटलं."

त्या रात्री भाऊ पहिल्यांदा दोघींच्या मध्ये पडला. म्हणाला, कुत्रा कुणाला तरी देऊन टाकू, म्हणजे घरात शांतता नांदेल. दोघी एकदमच त्याच्या अंगावर धावून गेल्या. एवढं एकमत त्या घरात पूर्वी झालं नव्हतं. पण तेही तेवढ्यापुरतंच. गॅलरीचा विषय ताईने सोडला नाही. उठता-बसता टोमणे, आल्यागेल्याला तीच कथा. पावसाळ्यानंतर भाऊ आणि भावजय वेगळे राहायला गेले. निघताना भावजय साहेबापाशी वाकली, तेव्हा ताईने त्याला उचलून आत नेलं.

साहेबाने अन्न सोडलं. त्या रिकाम्या खोलीच्या बंद दाराला नाक लावून पडून राहायचा. ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "जिने तुला उन्हात भाजलं, तिच्यासाठी झुरतोस? अक्कल म्हणून नाही तुला." ती हाताने भरवायची आणि भरवता भरवता शिव्या द्यायची. शेवटी एकदा त्याने घास घेतला. तिने इस्त्रीचं काम पहाटे उरकायला सुरुवात केली. ऊन तापलं की दुकान बंद आणि ती वर साहेबापाशी. गिऱ्हाइकं कुरकुरली, तर म्हणाली, "दुसरीकडे जा, रस्ता मोकळा आहे."

हिवाळ्यात भावाचा फोन आला. बायकोला साहेबाला बघायचं होतं.

"येऊ दे. पण दुकानात. वर पाऊल टाकायचं नाही."

भावजय सकाळच्या गारव्यात आली. ताईने तिला खुर्ची दिली नाही, इस्त्रीही थांबवली नाही. साहेब मात्र आनंदाने नुसता लोळत होता, धापा टाकत होता, तिची चप्पल चाटत होता. ती तिथेच काउंटरपाशी जमिनीवर बसली आणि त्याला मांडीवर घेतलं. पिशवीतून तिने काही खायला काढलं नाही, हे ताईने बघून घेतलं.

ताईने दोन शर्ट इस्त्री करून बाजूला ठेवले.

"डावा डोळा लाल दिसतोय," भावजय म्हणाली.

"दिसतोय मला."

"थेंब?"

"चालू आहेत."

भावजय उठली, पदरावरचे केस झटकले आणि निघून गेली. ताईने पुढचा शर्ट ओढला.